घुंगरू, दहावी आणि आपल्या मुली

दिवाळी सरली की कर्वेनगरात दोन परीक्षांची बोलणी एकाच वेळी सुरू होतात. पहिली दहावीची. शाळेची सराव परीक्षा साधारण जानेवारीत आणि बोर्डाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. दुसरी नृत्याची. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आणि एप्रिल-मेमध्ये. डहाणूकर कॉलनीपासून वनदेवीच्या टेकडीपर्यंत संध्याकाळी फेरी मारली तर कुठल्या ना कुठल्या खोलीतून तत्काराचा आवाज कानी पडतो. आता त्या वर्गांत आपल्या वस्तीतल्या मुलीही जाऊ लागल्या आहेत. कुणी कथक शिकते, कुणी भरतनाट्यम्. पाच-सहा वर्षे नेमाने शिकलेली मुलगी दहावीत आली की घरात प्रश्न उभा राहतो, "आता बास झालं की चालू ठेवायचं?"

भगिनींनो, आम्ही आज ह्याच प्रश्नावर लिहिणार आहोत. आमचे मत आधीच सांगून टाकतो. मुलीची आवड खरी असेल तर तिला दहावीच्या वर्षी नृत्यातून काढू नये. तिच्या वर्षाची आखणी मात्र नीट करावी. ती कशी करावी हे पुढे सांगतोच. पण त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनातल्या एका जुन्या भीतीबद्दल बोलले पाहिजे. ती मनात ठेवून वेळापत्रकाच्या गोष्टी करण्यात काही अर्थ नाही.

आपल्या घरांत आजही म्हटले जाते, "आपल्या पोरींना नाचवायचं नाही." शेजारच्या पांढरपेशा घरातल्या बाईला हे वाक्य मागासलेले वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. त्या वाक्यामागे फार मोठे दुःख आहे. आपल्याच समाजातल्या लेकी मुरळी म्हणून खंडोबाला आणि जोगतीण म्हणून यल्लम्माला सोडल्या जात. तमाशाच्या फडावर महार, मांग, कोल्हाटी समाजाच्या बाया नाचत आणि पुढे बसलेले पाटील-सावकार दौलतजादा उधळत. नाचणारीला मान नव्हता, 'नको' म्हणण्याची सोयही नव्हती. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, पोतराज, आराधी अशा मंडळींची सभा भरली होती. तेथे बाबासाहेबांनी ह्या स्त्रियांना ते लाजिरवाणे जिणे टाकून देण्यास सांगितले. आपल्या आज्यांनी त्यांचे ऐकले, पायातले चाळ सोडले आणि पुन्हा बांधले नाहीत. मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा १९३४ साली झाला होता. तरीही महाराष्ट्राला देवदासी प्रथा निर्मूलनाचा नवा कायदा २००५ साली करावा लागला. म्हणजे ही गोष्ट फार जुनी झाली असेही म्हणता येत नाही.

ज्या आजीने हे सोसले किंवा जवळून पाहिले, ती नातीच्या पायात घुंगरू बघून दचकली तर तिला हसू नये. तिच्याजवळ बसावे आणि फरक समजावून सांगावा. बाबासाहेबांचा विरोध स्त्रीला विकणाऱ्या, तिला देवाच्या नावाने बांधून टाकणाऱ्या व्यवस्थेला होता. ताल, लय आणि हाताची मुद्रा ह्यांना विरोध करण्याचे काही कारण नव्हते. मुरळीला कुणी विचारले नव्हते. आपली मुलगी आपण होऊन वर्गात गेली. तिला उद्या सोडावेसे वाटले तर ती सोडू शकते. वर्गात ती सन्मानाने शिकते, तिची परीक्षा होते, तिच्या स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र तिला मिळते. आणि शाळेच्या दप्तरातली तिची पुस्तके कुणी काढून घेतलेली नाहीत. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. फडावरच्या मुलीला शाळा नव्हती.

दुसरीही एक गोष्ट आपल्या मुलींनी माहीत करून घ्यावी. आज जे नृत्य 'शास्त्रीय' म्हणून प्रतिष्ठेचे समजले जाते, ते फार दिवस हलके लेखलेल्या बायकांनीच जपले होते. दक्षिणेतल्या देवळांत आणि दरबारांत पिढीजात नाचणाऱ्या स्त्रियांचे 'सदिर' विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात 'भरतनाट्यम्' ह्या नावाने सभागृहात आले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली मद्रासला कलाक्षेत्र काढले आणि उच्चवर्णीय घरांतल्या मुली ते शिकू लागल्या. उत्तरेकडे कथकाचा मोठा भाग तवायफांच्या कोठ्यांवर सांभाळला गेला. कला वर गेली, पण ती सांभाळणाऱ्या बहुतेकजणी मागेच राहिल्या. त्यांच्यापैकी टिकून राहिल्या आणि जगाने मानल्या अशा थोड्यांत टी. बालसरस्वती (१९१८-१९८४) ह्यांचे नाव पहिले येते. त्या पिढीजात कलावंत स्त्रियांच्या घराण्यातल्या होत्या. १९७७ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. तेव्हा आपली मुलगी नृत्याच्या वर्गात जाते म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात पाहुणी म्हणून जाते असे तिने मनात आणू नये.

आपल्या पुणे जिल्ह्यातच याचा एक जुना पुरावा आहे. मळवली स्टेशनवर उतरून भाज्याच्या लेण्यांवर जावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ह्या बौद्ध लेण्यांतल्या एका विहारात नाचणारी स्त्री आणि तिच्या जोडीला तालवाद्य वाजवणारी स्त्री कोरलेली आहे. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात नर्तकी आणि वादक स्त्रिया रंगवल्या आहेत. सुटीत मुलीला तेथे न्यावे. अभ्यासाची सहल होईल आणि आजीलाही बरोबर नेता येईल.

पुण्यात नृत्याला घराघरांत मान्यता मिळाली ती सहज नव्हे. रोहिणीताई भाटे (१९२४-२००८) ह्यांनी १९४७ साली 'नृत्यभारती' सुरू केली, तेव्हा पांढरपेशा घरांतही मुलीने नाचणे बरे समजले जात नसे. त्यांनी लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडून विद्या घेतली आणि पुण्यात कथकाच्या अनेक पिढ्या घडवल्या. भरतनाट्यम् घेणाऱ्या मुलींना सुचेता भिडे-चापेकर ह्यांचे काम माहीत असावे. तंजावरच्या मराठी राजांनी नृत्यासाठी मराठीत रचना केल्या होत्या. त्या शोधून त्यांनी रंगमंचावर आणल्या. आणि आमचे कर्वेनगर म्हणजे जुने हिंगणे बुद्रुक. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली स्थापन केलेली संस्था १९०० साली येथे एका झोपडीत आली. मुलींनी शिकावे म्हणून लोकांचे बोल खाल्लेल्या ह्या गावात मुलींच्या शिकण्याला आडकाठी नसावी, एवढीच आमची इच्छा आहे.

आता परीक्षेकडे वळू. गांधर्व महाविद्यालय पं. विष्णु दिगंबर पलुस्कर ह्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला काढले. त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी १९३१ साली मंडळ उभारले. नृत्याच्या परीक्षांचा क्रम असा आहे: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, आणि त्यानंतर विशारद व अलंकार. पहिल्या पायऱ्यांवर भर प्रात्यक्षिकावर आणि तोंडी प्रश्नांवर असतो, पुढे लेखी पेपरही येतो. तिसरी-चौथीत शिकायला लागलेली मुलगी दहावीपर्यंत बहुधा मध्यमेच्या पायरीवर असते. म्हणजे दहावीच्या सालात तिच्यापुढे नृत्याचाही लेखी आणि प्रात्यक्षिक असा दुहेरी अभ्यास येतो. घाबरगुंडी उडते ती इथे.

आम्ही सुचवतो ते वेळापत्रक असे. नववीची वार्षिक परीक्षा संपली की एप्रिल-मेच्या सत्रात नृत्याची परीक्षा देऊन टाकावी. दहावी सुरू होण्याआधी ती पदरात पडते. दहावीच्या जूनपासून वर्ग आठवड्यातून एकदाच ठेवावा आणि घरी रोज अर्धा तास रियाज करावा. दिवाळीनंतर नवे काही शिकू नये, जुने फक्त हातापायात ठेवावे. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की पुन्हा जोर धरावा आणि पुढची परीक्षा एप्रिल-मेमध्ये द्यावी. ज्यांनी यंदाच्या नोव्हेंबर-डिसेंबरचा अर्ज भरून टाकला आहे त्यांनी मागे फिरू नये. परीक्षेआधी तीन आठवडे रोज एक तास नृत्याला द्यावा आणि परीक्षा होताच दुसऱ्या दिवसापासून तो तास गणिताला द्यावा.

वाढीव गुणांचे काय, असे पालक हटकून विचारतात. शास्त्रीय नृत्य, गायन, वादनाच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या दहावीच्या विद्यार्थ्यांना राज्य शासन गेली काही वर्षे सवलतीचे गुण देते. लोककला आणि चित्रकलेसाठीही तशी तरतूद आहे. एकाच परीक्षेवर गुण मिळत नाहीत. किती परीक्षा उत्तीर्ण झाल्या ते पाहिले जाते. आणि प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे मुदतीत जावा लागतो. तेव्हा जूनमध्येच सर्व प्रमाणपत्रांच्या प्रती काढून वर्गशिक्षकांना भेटावे. यंदाचे नियम आणि मुदत विचारून कागदावर लिहून घ्यावी. प्रमाणपत्रावरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव यांत काना-मात्रेचा फरक असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा. पण गुणांसाठी म्हणून मुलीला नृत्यात ढकलू नये. आवड नसलेल्या मुलीचा त्या गुणांपायी जेवढा वेळ जातो, तेवढ्यात ती विज्ञानाचे दोन धडे पक्के करील.

लेखी अभ्यासाला मुली भितात, पण तो दहावीच्या इतिहासाहून अवघड नाही. तालाची माहिती वहीत एकेका पानावर काढावी. त्रितालाच्या मात्रा १६, चार-चार मात्रांचे चार विभाग, टाळी १, ५ आणि १३ व्या मात्रेवर, खाली ९ व्या मात्रेवर. झपतालाच्या मात्रा १०, विभाग दोन-तीन-दोन-तीन, खाली ६ व्या मात्रेवर. हे लिहिताना हाताने टाळी देत लिहावे, म्हणजे विसरत नाही. नंदिकेश्वराच्या 'अभिनयदर्पणा'तल्या २८ असंयुत हस्तमुद्रा रोज चार ह्या हिशेबाने आठवड्यात होतात. शिरोभेद ९, दृष्टिभेद ८, ग्रीवाभेद ४. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'तले आकडे वेगळे आहेत. प्रश्नात कोणत्या ग्रंथाचे नाव आहे ते पाहून उत्तर लिहावे. अभिनयाचे चार प्रकार आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. प्रत्येकाला स्वतःच्या नृत्यातले एक उदाहरण द्यावे. पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा उदाहरणावरून परीक्षकाला कळते की मुलीला समजले आहे.

कथकाच्या मुली सर्वांत जास्त अडखळतात त्या तिहाईत. तेथे थोडे गणित घालावे. पाच मात्रांचा एक बोल तीनदा घ्यायचा आणि मध्ये एकेक मात्रा मोकळी सोडायची. पाच, एक, पाच, एक, पाच असे मिळून १७ झाले. समेपासून सुरू केले तर सोळा मात्रांचे आवर्तन संपते आणि सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम. शेवटचा 'धा' बरोबर तिथे पडतो. मुलीला एकदा हे कागदावर मांडू द्या. मग चार मात्रांचा बोल असेल तर किती मोकळ्या सोडाव्यात, सुरुवात कितव्या मात्रेवरून करावी, हे ती स्वतः काढू लागेल. नाचणाऱ्या मुलीचे गणित कच्चे राहते असे म्हणणाऱ्या काकांना हे गणित घालून पाहावे.

आता जागेचा प्रश्न. कामना वसाहतीसारख्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहतात. तेथे मोठ्या आरशासमोर रियाज कोठून होणार? तरीही पुष्कळ काही होते. पढंत, म्हणजे हाताने टाळी देत बोल तोंडाने म्हणणे, भाकऱ्या थापतानाही होते. परीक्षेत पढंत विचारतात आणि बहुतेक मुली तिथेच गुण घालवतात. हस्तमुद्रा आणि नजर लहान आरशात होते. तत्कार घुंगरांशिवाय, हलक्या पावलाने एका फरशीवर होतो. खालच्या मजल्यावरच्या माणसांनाही झोप हवी असते. पूर्ण अंगाने करायच्या वस्तू तेवढ्या वर्गात कराव्यात. शिवाय आमची महिला मंडळांना एक सूचना आहे. आपल्या विहाराचा किंवा समाजमंदिराचा हॉल संध्याकाळी बहुधा कुलूपबंद असतो. परीक्षेच्या दोन महिन्यांत तो सहा ते आठ उघडावा. एका कोपऱ्यात दहावीच्या मुलामुलींनी अभ्यास करावा, वेळ वाटून घेऊन नृत्याच्या मुलींनी रियाज करावा. एका बाईने आळीपाळीने तेथे बसावे. दिव्याच्या बिलाशिवाय ह्याला खर्च नाही.

मुलीच्या शरीराकडे घरच्यांनी लक्ष द्यावे. उघड्या सिमेंटवर किंवा गच्चीवर जोरात पाय आपटून रियाज केल्याने नडगी आणि टाच दुखावते. सुरुवातीला दहा मिनिटे घोटे, गुडघे, कंबर मोकळी करून घ्यावी. दुखणे आठवडाभर राहिले तर तेल चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. रियाजाआधी भरपेट जेवण नको आणि उपाशीपोटी तर मुळीच नको. आपल्या मुलींत रक्ताची कमतरता फार आढळते. हिरवी पालेभाजी, मटकी-हरभऱ्याची उसळ, बाजरीची भाकरी, शेंगदाणे आणि गूळ हे महाग नाही. उसळीवर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा देऊ नये, म्हणजे अन्नातले लोह अंगी लागते. परीक्षेच्या दिवशी पाळी आली तर काय, हे मुली आईला विचारायला लाजतात. आईनेच आधी बोलावे. त्रास नसेल तर पाळीत नाचण्यास काही हरकत नाही. त्यात विटाळ-बिटाळ काही नाही. पोटात दुखत असेल तर परीक्षेच्या केंद्रावर बाईंना सांगून थोड्या उशिराचा क्रमांक मागून पाहावा.

खर्चाचे मोकळेपणाने बोलावे. महिन्याची फी, परीक्षेचा अर्ज, घुंगरू, तबल्याच्या साथीचे मानधन, वेशभूषा असे सगळे मिळून आकडा वाढतो. वर्षाच्या सुरुवातीला बाईंकडून हा आकडा लिहून घ्यावा. मध्येच नवा खर्च निघाला तर विचारायला संकोच करू नये. परीक्षेला भरजरी पोशाख हवाच असे धरून चालू नये. स्वच्छ सलवार-कुडता आणि घट्ट बांधलेली ओढणी चालेल का ते विचारावे. घुंगरू जुने मिळाले तरी चालतात, दोर मात्र नवा ओवावा. तबलजीचे मानधन चार मुलींनी वाटून घ्यावे आणि रोजच्या रियाजाला मोबाईलवरचा लेहरा वापरावा.

वर्ग निवडताना डोळे उघडे ठेवावेत. आई-वडिलांना बसून पाहू देत नाहीत, एकट्या मुलीला बंद दाराआड शिकवतात, अशा ठिकाणी मुलीला पाठवू नये, मग गुरूचे नाव कितीही मोठे असो. आणि आडनाव विचारून मुलीला मागच्या रांगेत उभे करणारी माणसे अजून संपलेली नाहीत. आमच्या ओळखीच्या एका मुलीच्या वाट्याला हे आले. तिच्या आईने भांडण केले नाही, रडतही बसली नाही. तिने वर्ग बदलला, आणि मुलगी पुढची परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाली. चांगले शिकवणाऱ्या आणि मनाने मोकळ्या बाई पुण्यात पुष्कळ आहेत.

आपल्या घरांतला एक प्रश्न मात्र दुसऱ्या घरांत पडत नाही, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. नृत्याच्या वर्गात पुष्कळदा गणेशवंदना, सरस्वतीवंदना, कृष्णाची गतभावे शिकवतात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली मुलगी विचारते, "हे मी करायचं का?" तिचा प्रश्न उडवून लावू नये. आम्हांला असे वाटते की रंगमंचावर भूमिका करणे आणि घरी पूजा करणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. रावणाची भूमिका करणारा रावण होत नाही. लेखी पेपरात पुराणातली कथा आली तर ती अभ्यास म्हणून लिहावी. परंतु मुलीच्या मनाला एखादी वस्तू खरोखर टोचत असेल तर तिने वर्षाच्या सुरुवातीलाच बाईंशी नम्रपणे बोलावे. अभ्यासक्रम आणून वाचावा, सक्तीचे काय आणि निवडीचे काय ते पाहावे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हा विषय काढला तर बाईंचाही नाइलाज होतो.

जेथे विषय निवडता येतो तेथे आपल्याकडे काय थोडे विषय आहेत? तहानलेल्या आनंदाला पाणी देणाऱ्या चांडाळकन्या प्रकृतीची कथा घ्या. रवींद्रनाथ टागोरांनी तिच्यावर १९३३ साली 'चंडालिका' नाटक लिहिले आणि १९३८ साली त्याची नृत्यनाटिका केली. "माझ्या हातचं पाणी चालेल?" हा भाव केवळ डोळ्यांनी आणि ओंजळीने दाखवायचा आहे. चवदार तळ्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या मुलीला तो कुणी वेगळा शिकवायला नको. त्यांचेच १९२६ चे 'नटीर पूजा' पाहा. स्तूपापुढे नाचण्याचा हुकूम झालेली राजनर्तकी नाचता नाचता एकेक दागिना उतरवते आणि आत भिक्षुणीचे वस्त्र दिसते. ती त्यासाठी प्राण देते. नाचायला लावलेली स्त्री आपले नृत्य आपल्या मनाने परत घेते, अशी ही कथा आहे. शिवाय आम्रपाली आहे, किसा गोतमी आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि बुद्धजयंतीला ह्या वस्तू बसवाव्यात. परीक्षेचीही तयारी त्यातून होते.

परीक्षेच्या दिवशी तासभर आधी पोहोचावे. ओळखपत्र, प्रवेशपत्र, पाण्याची बाटली, सेफ्टी पिना आणि घुंगरांचा जादा दोर जवळ असावा. परीक्षकाने वस्तू मध्येच थांबवली तर मुली रडवेल्या होतात. थांबवले म्हणजे नापास केले असे नव्हे. पुढच्या मुलींनाही वेळ द्यायचा असतो. सम चुकली तर चेहरा पाडू नये, पुढच्या आवर्तनात समेवर यावे. न येणाऱ्या प्रश्नाला "येत नाही" असे सरळ सांगावे. आणि आईने दाराबाहेर उभे राहून दुसऱ्या मुलींशी तुलना करू नये.

दहावीनंतर हिचे काय, असेही विचारतात. बहुतेकजणी डॉक्टर, शिक्षिका, नर्स, अधिकारी होतील आणि नृत्य त्यांच्या सोबतीला राहील. एखादीला ह्यातच पुढे जायचे असेल तर बारावीनंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्याची पदवी घेता येते. ती वाट सोपी नाही, पैसाही लवकर दिसत नाही. हे मुलीला खरे खरे सांगावे आणि मग निर्णय तिचा तिला घेऊ द्यावा.

आपल्या आज्यांनी चाळ सोडले ते नाती शाळेत जाव्यात म्हणून. नाती शाळेत गेल्या, दहावीला पोहोचल्या. आता त्यांतली एखादी बीजगणिताची वही मिटून अर्धा तास घुंगरू बांधत असेल, तर बंधूंनो, तिला टोकू नका. तिचा अभ्यास झाला की नाही ते विचारा, तिला दूध-भाकरी द्या आणि तिच्या पढंतीला टाळी धरा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या परीक्षेला बसणाऱ्या आणि बोर्डाच्या तयारीला लागलेल्या आमच्या सर्व मुलींना मनःपूर्वक सदिच्छा.

जयभीम!